ओरुवावर माणसं किती

माझं नाव ओरुवा. मी ग्रह आहे. आमच्यात बोलायची पद्धत नाही. आपल्या वाटेनं फिरायचं आणि गप्प राहायचं. आज पद्धत मोडतोय, कारण माझ्या अंगावर अजून कुणीतरी जिवंत आहे आणि ही गोष्ट माझ्याखेरीज कुणालाही ठाऊक नाही.

जन्माचं फारसं सांगण्यासारखं नाही. सोर नावाच्या सूर्याभोवती धूळ फिरत होती, तिचा गोळा झाला, तो तापला, निवला, तोच मी. समुद्र एकच मिळाला, तोही उथळ. माती मात्र तांबडी, पिठासारखी मऊ. ती मला फार आवडायची. वाऱ्यावर उडाली की तिच्याआड सोर असा काही मावळायचा की काय सांगू. बघायला कुणी नव्हतं, पण म्हणून मी कधी हात आखडता घेतला नाही.

मग माणसं आली. पन्नासेक घरं, एका खिळखिळ्या जहाजातून. उतरल्या उतरल्या त्यांनी काय केलं असेल, तर पोरांच्या पायातलं काढून त्यांना मातीत सोडलं. वर्षानुवर्षं जहाजात कोंडलेली पोरं ती. नुसती लोळली. बायकांनी एकेकाला धरून उभं केलं आणि मला मोठ्यानं नाव सांगितलं, "हा अमका, ही तमकी, सांभाळ रे बाबा." मी सुखावलो. खोटं कशाला बोलू.

त्या हंगामात त्यातली साठ पोरं गेली. खोकायची, निळी पडायची आणि जायची. त्या मातीत असं काहीतरी होतं की मोठ्यांच्या छातीला ते सोसायचं, लहानांच्या नाही. मला ठाऊक नव्हतं. शपथेवर सांगतो, नव्हतं. पण साठ खड्डे माझ्याच अंगात खणले गेले, आणि खणणारा प्रत्येक जण कुदळ मारताना माझ्याकडे कसा बघत होता, ते मी विसरलेलो नाही.

तेव्हापासून ओरुवाच्या माणसांनी रीत पाडली. सात वर्षांचं होईस्तोवर मुलाला नाव द्यायचं नाही. पाय चिंध्यांच्या पट्ट्यांत बांधायचे, तोंडावर फडकं ठेवायचं, होता होईल तो कडेवरच वागवायचं. आणि मोजायचं नाही, मोठ्यानं तर मुळीच नाही. हाक मारायची झाली तर घरातल्या एखाद्या वस्तूच्या नावानं. "आमच्या टोपलीला आज कणकण आहे." "तुमचं उखळ भारी हट्टी हं, बाई." तो शब्दही दर महिन्याला बदलायचा, म्हणजे मूल एकाला चिकटायला नको. हे सगळं कशासाठी, तर मला कळू नये म्हणून.

आता तुम्हीच सांगा, आपल्या अंगावर कोण चालतंय हे कळत नाही होय? टोपली म्हणा, उखळ म्हणा, मला कळायचंच. पण मी कधी दाखवलं नाही. त्यांना वाटतंय लपलंय, तर लपलंय. रीत तशी वाईटही नव्हती. फडक्यामुळे माती छातीत कमी जायची, पोरं जगायला लागली. सातवं लागलं की नावाचा दिवस असायचा. पट्ट्या सोडायच्या, मुलाला अनवाणी उभं करायचं आणि आईनं वाकून जमिनीशी तोंड नेऊन नाव सांगायचं. त्या दिवशी घरात भाजलेला खारा मासा आणि शेवाळाची गोड पेज. मीही जणू आत्ताच कळलं असं दाखवायचो. दोनशे वर्षं हे सोंग वठवलं मी.

मग वर कुठेतरी लढाई पेटली. त्यातलं मला फार कळत नाही. कुणीतरी दोन मोठी राज्यं, त्यांची आरमारं, आणि त्या आरमारांना लागणारी आग. एका बाजूनं सोरच्या गळ्यात लोखंडी कडं घातलं आणि त्याची आग ओढायला सुरुवात केली. दुसऱ्या बाजूनं ते कडं जिंकून घेतलं. ओढणं काही थांबलं नाही. कड्यावर कामाला म्हणून माझ्यावरचे तरणे पुरुष नेले, त्यातले फार थोडे परत आले. सोर दिवसेंदिवस फिका पडत गेला. समुद्र काठानं गोठला, शेवाळ निम्म्यावर आलं, आणि माणसं भरदुपारी घोंगड्या पांघरून फिरायला लागली.

अखेर बिनतारीवर निरोप आला. ग्रह रिकामा करायचा आहे, जहाज पाठवतोय, माणसं किती ते कळवा. उत्तर द्यायचं काम हेन्काचं. हेन्का म्हणजे वस्तीची थोरली. सगळे तिला थोरलीच म्हणायचे. वय अडुसष्ट, एका पायानं अधू, आवाज घोगरा, जीभ तिखट. सगळ्यांची टर उडवायची आणि सगळ्यांची कामं करायची. तिनं बिनतारीचा भोंगा तोंडाशी धरला आणि जराही न अडखळता सांगितलं, "दोनशे त्रेसष्ट."

चार महिन्यांनी जहाज उतरलं. त्याचा कप्तान ओश्तेल हा हडकुळा, झोप न झालेला माणूस होता. दुष्ट नव्हता, नुसता थकलेला होता. मिठाच्या कोठारापुढे सगळी वस्ती जमली होती. तो रांगेवरून चालत आला आणि मध्येच थांबला.

"ही कोण?" त्यानं एका बाईच्या कडेवर बोट दाखवून विचारलं.

"कोण म्हणजे? घरातलीच," हेन्का म्हणाली.

"अशी किती आहेत?"

"ते आमच्यात मोजत नाहीत."

"बाई, मी गंमत करत नाहीये. किती आहेत?"

हेन्कानं तोंड फिरवलं. तेव्हा तो स्वतःच बोट नाचवत मोजायला लागला, चांगल्या खणखणीत आवाजात. बायकांनी पोरांना पदराआड ओढलं. एकीनं तर आपल्या पोरीचे कान झाकले. "अडतीस," कप्तान म्हणाला. माझ्या अंगावर पोरांचा आकडा दोनशे वर्षांत कुणी उच्चारला नव्हता.

"माझ्याकडे झोपेच्या पेट्या दोनशे त्रेसष्ट," तो म्हणाला. "प्रवास एकोणीस वर्षांचा आहे. एका पेटीत एक जीव. दोन घातले तर दोन्ही मरतात. आकडा तुम्ही दिलात, तुमच्या आवाजात आहे माझ्याकडे."

हेन्का होती तिथेच खाली बसली.

दुसरं जहाज चार वर्षांच्या वाटेवर होतं आणि सोर फार तर दोन-तीन हिवाळे काढणार होता. हे कळल्यावर कोठारात सभा बसली. सभा कसली, सगळे हेन्कावर तुटून पडले. दोरिन म्हणून एक तरुण बाप होता, दोन लहानग्यांचा. तो म्हणाला, "थोरले, मडकी-गाडगी मोजून सांगितलीस त्यांना. आमची पोरं तेवढी राहिली होय ग?"

"विचारत होता तो वरचा," हेन्का म्हणाली. "पण ऐकणारा हा पायाखालचा होता ना. त्याच्यादेखत मोठ्यानं कशी सांगू? तू सांगितली असतीस?"

दोरिन आपल्या जागेवर जाऊन बसला.

"तुझ्या आईनं सांगितली असती? कुणी सांगितली असती ते उठून बोला. जन्मभर जो आकडा तोंडात बसलाय तोच बाहेर पडला. चुकलं. मान कापून दिली तरी चुकलंच. आता पुढचं बोलू."

कुणीही उठलं नाही. मला मात्र उठून सांगावंसं वाटत होतं की बाई, ही चूक तुझी नव्हे. माझ्या साठ खड्ड्यांपायी तुमच्या जिभेला ही गाठ बसली. पण मी उठणार कसा आणि सांगणार कसं?

पुढचं हेन्कानंच काढलं. "मोठ्यांना मोजायला काही हरकत नाही," म्हणाली. "साठीपुढचे बाजूला या. पहिली मी." छत्तीस भरले. दोन कमी पडले, म्हणून अठ्ठावन वर्षांची दोघं घेतली. त्यातला एक सावुर, मासेमारी करणारा, अजून जाळं एकट्यानं ओढणारा. तो उभा राहिला आणि म्हणाला, "मला जायचंय. मला मरायचं नाही इथं. हे कुणीतरी बोलायला पाहिजे, म्हणून बोलतो." आणि तो रडायला लागला. त्याला कुणी नावं ठेवली नाहीत. हेन्का त्याच्या शेजारी जाऊन बसली. "रड बाबा," म्हणाली, "पण इथेच रड. पोरांसमोर नको."

आता पेट्या होत्या, तरी एक अडचण राहिलीच. एकोणीस वर्षं झोपलेल्याला जागं करायचं तर त्याच्याच माणसानं त्याला नावानं मारलेली हाक पेटीत भरून ठेवावी लागते. त्या हाकेवाचून पेटी उघडली तर आतला जीव उठत नाही. पोरांना नावं नव्हती. आणि हे सगळं उड्डाणाच्या आधी, जमिनीवरच व्हायला हवं, कारण उडताना जो दाब पडतो तो पेटीबाहेरच्या अंगाला सोसत नाही. कप्तान म्हणाला, "तीन दिवस देतो. द्या काहीतरी नावं."

"काहीतरी नाव आणि नाव यात फरक आहे," हेन्का म्हणाली. "जमिनीला सांगितलं नाही तर ते नाव होत नाही."

कोठारापुढचं फरसबंद अंगण ओल्या फडक्यांनी पुसून काढलं. फटीत माती राहू नये म्हणून म्हातारे गुडघ्यांवर बसून काटक्यांनी ती कोरत होते. मग एकेक आई पुढे आली. पट्ट्या सुटल्या. सहा वर्षांचे पाय, तीन वर्षांचे पाय, अजून चालायलाही न लागलेले पाय. काही तर निरोप गेल्यानंतर जन्मलेले, पापडासारखे पातळ. दरेक आई वाकायची, नाव सांगायची आणि मूल चटकन उचलून घ्यायची, मी चावेन की काय अशी. पुढे ते नाव हाकेत भरलं जायचं. एक बाई तर हाक मारताना एवढी रडली की ती हाक चार वेळा भरावी लागली.

सदतीस नावं झाली. हेन्काचा नातूही त्यात होता, ओल्गुन. ते झाल्यावर ती अधू पाय ओढत अंगणाच्या मधोमध आली आणि माझ्याशी बोलली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. "ऐकलंस ना सगळं? लपवत होतो, आता दाखवलं. तुझं माझं काय असेल ते माझ्याशी मिटव. यांना सुखानं जाऊ दे."

मी अंग आवळून धरलं. त्या तीन दिवसांत वाऱ्याला मातीचा एक कण उचलू दिला नाही.

अडतिसावी राहिली ती लुमेतची. लुमेत तीस वर्षांची. नवरा कड्यावर नेलेला, तो परत आला नाही. तिला आधी दोन मुलगे होते. थोरल्याला सातव्या वर्षी नाव दिलं, अकराव्या दिवशी तो गेला. धाकट्याला नाव दिलं, तो पुढच्या हिवाळ्यात गेला. आता ही चार वर्षांची मुलगी. मला विचाराल तर सांगतो, पश्चिमेच्या खळग्यात ती जुनी, छातीत बसणारी माती अजून दाट साठलेली होती आणि ती पोरं तिकडे खेळायला गेली होती. म्हणजे ती मीच मारली. लुमेतचा माझ्यावर विश्वास नव्हता, यात तिचं काय चुकलं?

हेन्का तिच्या दारात जाऊन बसली. "अग, एक नाव. एकदाच. मग तू आणि ती, दोघी गेलात याच्या तावडीतून."

"अकरा दिवस लागतात त्याला," लुमेत म्हणाली.

"अकराव्या दिवशी तुम्ही आकाशात असाल."

"नाव ऐकलेलं असेल की त्यानं. तेवढं पुरतं."

"मग जहाजात जाऊन सांग. दार लावून, कानात."

"जहाज तरी कुणाच्या अंगावर उभं आहे, थोरले?"

हेन्कानं कपाळावर हात मारला. "बरं, खोटं नाव दे. त्याला फसव."

"एकोणीस वर्षांनी खोट्या नावानं हाक मारली तर उठेल ती? कप्तानाला विचारलं मी. तो म्हणतो, आईच्या मनात नसलेली हाक आवाजात कळते, पोरं उठत नाहीत." मुलगी तिच्या मांडीवर पट्ट्यांची टोकं चावत बसली होती. "दोन दिले मी त्याला. ही नाही देत."

तिसऱ्या दिवशी कप्तानही येऊन गेला. पोरीला उचलून नेता येईल, म्हणाला, पण मग पेटीत प्रेतच न्यायचं. मग तो निघून गेला. त्या वेळी मी काय काय केलं असतं. एखादा शब्द बोलता आला असता तर सांगितलं असतं, बाई, चार वर्षं ओळखतो मी हिला, हिला खोकला कधी लागतो, ही कुठल्या पायानं लंगडी घालते, सगळं ठाऊक आहे, आणि मी तिला काही केलेलं नाही. पण मी हललो तर भूकंप होतो. म्हणून निपचित पडून राहिलो.

लुमेत राहिली, मुलगी राहिली, पेट्या दोन मोकळ्या झाल्या. त्या अठ्ठावन वर्षांच्या दोघांना मिळाल्या. सावुर पळतच गेला. जहाज वर गेलं तेव्हा उरलेल्या छत्तीस म्हाताऱ्यांनी हात वर केले होते, आणि ते दिसेनासं झालं तरी बराच वेळ तसेच धरून ठेवले.

कप्तानानं जाताना नोंद केली ती बिनतारीवरून मीही ऐकली. "ओरुवा. मागे राहिलेले सदतीस, सगळे मोठे, सगळे आपखुशीनं. पुन्हा जहाज पाठवण्याचं कारण नाही." मुलगी त्यातही नव्हती. नाव नसेल तर नोंद होत नाही म्हणे.

पहिल्या हिवाळ्यात एकवीस गेले. दुसऱ्याच्या तोंडाशी बाकीचे. हेन्का शेवटच्या चार-पाचांत होती. लुमेत तिला पेज भरवायची आणि ती अर्धी पेज मुलीकडे सरकवून म्हणायची, "घे ग टोपले, मला दात नाहीत." पेजेला दात लागत नाहीत हे त्या पोरीलाही ठाऊक होतं. मरायच्या दिवशी हेन्कानं लुमेतचा हात धरला. "मी चुकले त्याचं हे झालं," म्हणाली. "तू तरी हट्ट सोड. कुणी आलं तर सोड." लुमेतनं तिचे डोळे मिटले, तिला बर्फात पुरलं, कारण जमीन आता खणता येत नव्हती, आणि तिथे उभी राहून खाली बघत म्हणाली, "ऐक. कुणी आलं तर सांगीन नाव. त्याआधी नाही." माझ्याशी बोलली ती. तेवढंच, पण बोलली.

दोघी आता उत्तरेच्या कपारीत राहतात, ऊन पाण्याचा झरा आहे तिथे. माझ्या पोटात जी काही ऊब उरली आहे ती मी सगळी त्या झऱ्याकडे ढकलतोय. बाकीचा मी गोठलो तरी चालेल. समुद्र तळापर्यंत गोठला. सोर आता विझत आलेल्या निखाऱ्याएवढा दिसतो. हिशोबानं अजून दीड हिवाळा जाईल, फार तर दोन.

परवा लुमेत बर्फ फोडायला बाहेर गेली होती. मुलगी आता पाच वर्षांची आहे. तिनं हळूच डाव्या पायाची पट्टी सोडली आणि पाऊल कपारीच्या दगडावर टेकवलं. दगड उबदार होता. तिला मजा वाटली. मग वाकून तिनं मला विचारलं, "तू पोरं खातोस?"

मी काय उत्तर देणार होतो. झऱ्याचं पाणी जरा जास्त ऊन केलं, एवढंच. ती दुसराही पाय टेकवून उभी राहिली, आईची चाहूल लागेपर्यंत.

तर हे सगळं ऐकणारं कुणी असेल, जवळून जाणारं एखादं जहाज असेल, कुठल्याही राज्याचं का असेना, त्यांच्यासाठी सांगतो. तुमच्याकडची नोंद चुकीची आहे. मला कळत नाही असं मी दोनशे वर्षं भासवलं, आता भासवत नाही. मोजून सांगतोय. उत्तरेच्या कपारीत माणसं दोन आहेत. एक लुमेत, वय एकतीस. दुसरी तिची मुलगी, वय पाच, नाव तुम्ही आलात की कळेल. पेट्या दोन आणा.